सातशे उपाध्यक्ष, अठरा अध्यक्ष

नेपाळमधल्या स्थानिक निवडणुकीची मतपत्रिका दोन्ही हातांनी उलगडून धरावी लागते. मोठ्या शहरांत तर ती वर्तमानपत्राच्या पानाएवढी होते. मतदाराला स्वस्तिकाचा शिक्का देतात आणि तो सात ठिकाणी मारायचा असतो. पालिकेचा प्रमुख, उपप्रमुख (गावपालिकेत त्यांनाच अध्यक्ष, उपाध्यक्ष म्हणतात), वॉर्डाचा अध्यक्ष, वॉर्डातली एक महिला सदस्य, एक दलित महिला सदस्य आणि दोन खुले सदस्य. सातांतले दोन शिक्के बाईच्याच नावावर पडणार, हे छापतानाच ठरलेलं असतं. १४ मे २०१७ रोजी पहिल्या टप्प्याचं मतदान झालं, तेव्हा रांगेतल्या अडतीस वर्षांच्या आतल्या एकाही माणसाने त्याआधी गावच्या कारभाऱ्यासाठी मत दिलेलं नव्हतं. आधीची स्थानिक निवडणूक झाली होती १९९७ मध्ये.

दुसरा टप्पा २८ जूनला झाला. मधेशातला, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट प्रदेशातला, तिसरा टप्पा वादावादीमुळे १८ सप्टेंबरपर्यंत लांबला. सगळी मोजणी आटोपल्यावर देशभरच्या ७५३ पालिकांत मिळून सुमारे ३५,००० लोकप्रतिनिधी निवडून आले होते आणि त्यांत बायका होत्या १४,००० हून जास्त, म्हणजे जवळपास ४१ टक्के. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत जिथे राजा होता आणि अकरा वर्षांपूर्वीपर्यंत यादवी चालू होती, त्या देशासाठी हा आकडा मोठाच.

पण हा आकडा जरा उसवून पाहिला की आत दोन आकडे निघतात. ७५३ पालिकांपैकी प्रमुखपदी बाई निवडून आली ती १८ ठिकाणी. उपप्रमुखपदी आली ७०० ठिकाणी.

एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी शेजारशेजारच्या दोन रकान्यांत मारलेले हे शिक्के. मतदार पहिल्या रकान्यात सनातनी आणि दुसऱ्या रकान्यात पुरोगामी झाला, असं तर कुणी म्हणणार नाही. मग हे घडलं कसं, आणि पाच वर्षांनी त्या सातशेंचं काय झालं, हे या प्रकरणात बघायचं आहे. सत्तांतराने बायकांना नेमकं काय मिळतं आणि काय हातातून निसटतं, हे इतक्या स्वच्छ दिसेल अशी उदाहरणं थोडी आहेत.

कायद्यातलं एक वाक्य

सगळी मेख एका कलमात आहे. नेपाळी संवत २०७३ चा, म्हणजे आपल्या २०१७ चा, स्थानिक निवडणूक कायदा सांगतो की पक्षाने प्रमुख आणि उपप्रमुख अशा दोन्ही पदांसाठी उमेदवार दिले, तर त्यांत निम्म्या बायका हव्यात. दोन पदांचं निम्मं म्हणजे एक. कोणतं एक, ते कायदा सांगत नाही. पुढे एक परंतुकही जोडलेलं आहे. पक्ष दोनपैकी एकाच पदासाठी उमेदवार देत असेल, तर त्याला ही अट लागू नाही.

आता हे वाक्य एखाद्या जिल्ह्याच्या पक्ष कार्यालयात बसून वाचून बघा. २००२ मध्ये जुन्या स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि पुढची पंधरा वर्षं गावांचा कारभार सरकारी कर्मचारी आणि पडद्याआडून पक्षांचे स्थानिक पुढारी बघत होते. तिकिटाकडे डोळे लावून बसलेले, केसांत पांढरं आलेले हे सगळे पुढारी पुरुष. बाई द्यायचीच आहे, दोनपैकी कुठेही चालते, मग ती कुठे द्यायची याचा विचार करायला रात्र जागवावी लागली नसेल. एवढ्यासाठी कटकारस्थान लागत नाही. कायद्याने जिथे मोकळी जागा सोडली, तिथे पक्षातली जुनी सवय येऊन बसली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातला फरक पटकन कळेल, कारण आपल्याकडे सोडत निघते. ७३ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव असतात, म्हणजे पदच राखीव असतं. चिठ्ठी निघाली की पाच वर्षं तयारी करून बसलेल्या गावपुढाऱ्याचा चेहरा उतरतो आणि संध्याकाळपर्यंत बायकोची किंवा आईची कागदपत्रं गोळा व्हायला लागतात. त्यातून ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी जन्माला आला, हे खरंच. पण खुर्चीवर नाव बाईचं असतं, सही तिची असते आणि अशा किती तरी बायका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवऱ्याला बाहेर बसायला सांगायला शिकल्या. नेपाळने पद राखीव न ठेवता पक्षाच्या यादीवर अट घातली. त्यामुळे तिथल्या पुढाऱ्याला बायकोला पुढे करायचीही गरज पडली नाही. पहिली खुर्ची त्याने स्वतःकडेच ठेवली.

ही युक्ती जुनीच होती

नेपाळी पक्षांना हा खेळ २०१७ मध्ये सुचला असं नाही. १९९० च्या जनआंदोलनाने राजाची, पक्षांना बंदी असलेली ‘पंचायत’ राजवट मोडून बहुपक्षीय लोकशाही आणली, तेव्हाच्या राज्यघटनेत एक तरतूद होती: प्रतिनिधी सभेसाठी, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहासाठी, प्रत्येक पक्षाने निदान पाच टक्के उमेदवार महिला द्यायच्या. पक्षांनी दिल्या, आणि बऱ्याच ठिकाणी जिथे आपला पक्ष येणारच नाही तिथे दिल्या. १९९१ च्या २०५ जणांच्या सभागृहात बायका सात होत्या. १९९४ मध्येही सातच. १९९९ मध्ये बारा. कायद्याने उमेदवारी मागितली होती, विजय मागितला नव्हता.

म्हणजे राजवट बदलली, पंचायत गेली, पक्ष आले, रस्त्यावर बायकाही उतरल्या होत्या, आणि सभागृहात शेकड्याला तीन ते सहा एवढ्याच पोचल्या. ही १९९० ची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ‘लोकशाही आली की बायका आपोआप पुढे येतात’ हे भाषणात छान वाटणारं वाक्य तिने तेव्हाच खोटं पाडलं होतं.

खरा हादरा बसला तो दुसरीकडून. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी ‘जनयुद्ध’ पुकारलं. रोल्पा, रुकुमसारख्या डोंगरी जिल्ह्यांत मुली बंदुका घेऊन जंगलात गेल्या. त्यांच्या संख्येबद्दल माओवादी मोठमोठे दावे करत. शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने छावण्यांमध्ये पडताळणी केली, तेव्हा १९,६०२ लढवय्यांमध्ये ३,८४६ बायका निघाल्या. दाव्यांपेक्षा कमी, तरी पाचातली एक. ज्या समाजात लग्नानंतर सुनेने मान वर करायची नाही, तिथे या मुली रात्री गावात सभा घेत होत्या, दारूचे गुत्ते फोडत होत्या. मला या युद्धाचं कौतुक नाही. सतरा हजारांच्या आसपास माणसं त्यात गेली किंवा बेपत्ता झाली, आणि दोन्ही बाजूंनी बायकांवर जे अत्याचार झाले त्यांचा निवाडा अजून लागलेला नाही. पण बायकांना वगळून पुढचा करार लिहिता येणार नाही, एवढी परिस्थिती त्याने निर्माण केली हेही नाकारता येत नाही. त्या लढवय्या बायकांना पुढे काय मिळालं, तो हिशेब कडू आहे. शेवटी सैन्यात सामावून घेतलेल्या चौदाशेच्या आसपास लोकांमध्ये बायका शंभराच्या आसपास होत्या. बाकीच्या पैसे घेऊन घरी गेल्या, आणि ज्या घरी गेल्या तिथे जंगलातून आलेल्या सुनेचं स्वागत कसं झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

एप्रिल २००६ मध्ये दुसरं जनआंदोलन झालं, राजा ज्ञानेंद्र नमला, जुनी संसद पुन्हा बसली. ३० मे २००६ रोजी त्या संसदेने विद्या भंडारी यांनी मांडलेला ठराव मंजूर केला: राज्याच्या सगळ्या अंगांत ३३ टक्के महिला आणि आईच्या नावाने मुलाला नागरिकत्व. या ठरावाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

२००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ बायका आल्या. जगभर या आकड्याचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. पण तेव्हाही आतला हिशेब तोच होता. यादीतून, म्हणजे प्रमाणशीर मतदानातून, १६१ आल्या, नेमणुकीने सहा, आणि मतदारसंघातून, समोरच्या पुरुषाला हरवून, फक्त तीस. थेट जागा होत्या २४०. २०१३ च्या दुसऱ्या संविधान सभेत ही तीस दहावर आली. नव्या घटनेनुसार झालेल्या २०१७ च्या संसदीय निवडणुकीत १६५ थेट जागांपैकी सहा, २०२२ मध्ये नऊ. प्रत्येक पक्षाच्या एकूण खासदारांत एक तृतीयांश बायका हव्यात आणि कमी पडल्या तर त्या यादीतून भरायच्या, असं कुलूप घटनेने लावलं आहे, म्हणून एकूण आकडा दर वेळी तिथे पोचतो. जिथे कुलूप नाही तिथे दार तेवढंच उघडं राहतं.

दुसऱ्या खुर्चीत बसून

आता त्या सातशे जणींकडे. इथे गोष्ट थोडी वळते, कारण नेपाळातला उपाध्यक्ष आपल्या उपसरपंचासारखा नाही. आपल्या उपसरपंचाला सरपंच गावाबाहेर गेल्याशिवाय फारसं काम नसतं. २०१५ च्या नेपाळी घटनेने मात्र उपाध्यक्षाला (शहरात उपप्रमुखाला, लोक ‘उपमेयर’च म्हणतात) एक स्वतंत्र काम देऊन ठेवलं: न्यायिक समितीचं संयोजकपद. तीन जणांची समिती, त्यातल्या दोघांना सभा निवडते, आणि डोक्यावर उपाध्यक्ष. त्याशिवाय बजेट आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीचं संयोजकपद, आणि कामांवर देखरेख करणारी समितीही तिच्याकडेच. पदं वाटून देणाऱ्या पुढाऱ्यांनी हा मजकूर किती बारकाईने वाचला होता कोण जाणे. ‘दुसरी’ म्हणून बाईला दिलेल्या खुर्चीला न्यायाधीशाचे हात जोडलेले होते.

ही समिती कशाचा निवाडा करते? स्थानिक सरकार कायद्याच्या ४७ व्या कलमात दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या तेरा विषयांवर समिती थेट निर्णय देऊ शकते. शेताचा बांध, पाटाच्या पाण्याची पाळी, दुसऱ्याच्या पिकात घुसलेली गुरं, चराई आणि जळण, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणं, बायकोला किंवा मुलांना खायला-ल्यायला न देणं. दुसऱ्या यादीतल्या अकरा विषयांत फक्त समेट घडवायचा. त्यात नवराबायकोच्या काडीमोडाची प्रकरणंही येतात. निर्णय पटला नाही तर जिल्हा न्यायालयात जाता येतं. बलात्कारासारखे गुन्हे या समितीच्या कक्षेत येत नाहीत.

या याद्या वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की खेड्यातल्या बाईचं निम्मं आयुष्य त्यांत आहे. एक नेहमीचं प्रकरण घ्या. नवरा कतारला किंवा मलेशियाला. २०११ च्या जनगणनेत नेपाळातल्या दर चार घरांपैकी एका घरातलं कुणी ना कुणी परदेशात होतं. पश्चिमेकडच्या अछाम, डोटी, कैलाली या जिल्ह्यांतली माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडेच येतात. मुंबईच्या इमारतीखालचा चौकीदार, रत्नागिरीच्या आंब्याच्या बागेत हंगामभर राखणीला राहणारा ‘गुरखा’, हे बहुतेक तिकडचे. तो पैसे पाठवतो ते बापाच्या किंवा भावाच्या नावाने. घरात भांडण होतं, सुनेला वेगळं काढतात किंवा नुसतंच तिचं धान्य बंद करतात. पूर्वी तिने काय करायचं? जिल्ह्याच्या गावी जायचं, डोंगरी भागात म्हणजे कधी दिवसभर चालायचं, अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे द्यायचे, तारखांना पुन्हा पुन्हा यायचं. लहान मूल पाठीला बांधून हे कुणी करत नाही. ती माहेरी जाते किंवा गप्प बसते.

आता तिला पालिकेत जायचं असतं. टेबलाच्या पलीकडे बाई बसलेली असते. ती बाई तिच्याच भागातली, कदाचित तिच्याच माहेरच्या नात्यातली. ‘घरात काय झालं’ हे सांगायला लागणारे शब्द त्या दोघींच्या बोलीत आहेत. सासऱ्याला पालिकेचं पत्र जातं आणि त्याला यावं लागतं, कारण पालिकेकडून त्याला उद्या घराची, नातवाच्या जन्माची, भत्त्याची कागदपत्रंही हवी असतात. न्यायालयाकडे नसलेला हा दबाव पालिकेकडे असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कायदा शिकलेल्या उपाध्यक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बहुतेकींना काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आणि लगेच खुर्ची मिळाली. निर्णय त्यांनी द्यायचा, पण तो अमलात आणणारी यंत्रणा प्रमुखाच्या आणि सरकारी अधिकाऱ्याच्या हातात. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा तो स्वतःच्याच पक्षाचा कार्यकर्ता असेल तर? निवडून आलेल्या पुढाऱ्याने न्यायदान करावं का, हा मुळातला प्रश्न आहेच. माझ्या मते करू नये. शिवाय ‘मेलमिलाप’ हा नेपाळी शब्द कानाला गोड असला तरी त्याचा अर्थ अनेकदा ‘जा परत, आणि थोडं सोस’ असा निघतो. समजूत काढणारी बाई असली म्हणून मार कमी लागत नाही. पण ज्या निवाड्यासाठी जिल्ह्याला जायला लागायचं तो चालत जाण्याच्या अंतरावर आला, आणि तो मागायला गेलेल्या बाईला समोर पुरुषांचीच रांग दिसली नाही, हा २०१७ चा सगळ्यांत टिकाऊ फायदा आहे असं मला वाटतं. तो कुणाच्या जाहीरनाम्यात नव्हता.

बजेटचं काय? अनेक उपाध्यक्षांनी स्वतःच्या पदाच्या नावाने एक योजना काढली: बाळंतिणीला भेट. तूप, अंडी, ओवा, बाळाचे कपडे घेऊन उपाध्यक्ष स्वतः घरी जायच्या. मराठीत आपण ज्याला बाळंतविडा म्हणतो तोच, फक्त पालिकेच्या खर्चाने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. रस्ते आणि ठेके प्रमुखाकडे, बाळंतविडा उपाध्यक्षेकडे. चूल-मूल राजकारणातही सुटलं नाही म्हणायचं. नंतर जरा थांबून विचार केला. घरच्यांच्या जेवणानंतर उरलेलं खाणाऱ्या, बाळंतपणात अकरा दिवस विटाळ म्हणून बाजूला बसवलेल्या बाईच्या उंबऱ्यावर गावची मोठी पदाधिकारी अंडी घेऊन येते आणि शेजाऱ्यांदेखत तिची चौकशी करते. यात राजकारण नाही असं म्हणणारा माणूस रस्त्याच्या डांबरालाच राजकारण समजत असावा.

पाचवा शिक्का

मतपत्रिकेतल्या पाचव्या शिक्क्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझ्या मते नेपाळने केलेलं सगळ्यांत धाडसी काम तेच आहे. प्रत्येक वॉर्डात एक दलित महिला. एकूण वॉर्ड ६,७४३, आणि २०१७ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक दलित बायका निवडून आल्या. हिमालयाच्या कुशीतल्या काही वॉर्डांत दलित वस्तीच नाही, तिथल्या जागा रिकाम्या राहिल्या. जिथे तिच्या हातचं पाणी चालत नाही, तिथे वॉर्डाच्या बैठकीत तिला खुर्ची द्यावीच लागते. आपल्याकडे ‘एक गाव एक पाणवठा’साठी जे रान उठवावं लागलं ते आठवलं की या एका ओळीचं वजन कळतं.

खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असं नाही. वॉर्ड सदस्याला पगार नाही, बैठकीचा भत्ता असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईने बैठकीला यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. बैठकीत कागद पुढे सरकवला जातो, सही कुठे करायची ते दाखवलं जातं. तरीही तिची जागा कुठल्याही पक्षाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. पक्ष बदलला तरी तिथे दलित बाईच येणार होती, आणि पुढच्या निवडणुकीत याच गोष्टीने सगळा फरक पाडला.

युतीचं गणित

१३ मे २०२२ ला दुसरी निवडणूक झाली. प्रमुख-उपप्रमुखाच्या त्या कलमातली अट बदलली नव्हती. बदललं होतं ते पक्षांचं जागावाटप. नेपाळी काँग्रेस, माओवादी केंद्र आणि आणखी तीन पक्ष सत्तेत एकत्र होते; त्यांनी पालिका वाटून घेतल्या. इथे प्रमुख तुमचा, उपप्रमुख आमचा, तिथे उलट. म्हणजे प्रत्येक पक्ष प्रत्येक ठिकाणी एकच उमेदवार देणार. आणि एकच दिला तर महिलेची अट लागू नाही, हे परंतुक आठवत असेलच.

काठमांडूत सत्ताधारी युतीतर्फे काँग्रेसच्या सृजना सिंह महापौरपदाला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या जोडीला उपमहापौरपदाचा उमेदवार दुसऱ्या पक्षाचा, पुरुष. भरतपूरला माओवादी नेते प्रचंड यांच्या कन्या रेणू दाहाल पुन्हा महापौर झाल्या. २०१७ मध्येही तिथे काँग्रेसशी युती होती, पण तेव्हा काँग्रेसने उपमहापौरपदासाठी बाई दिली होती आणि दोन्ही खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. २०२२ मध्ये काँग्रेसने पुरुष दिला, तो निवडून आला. ही दोन्ही उदाहरणं अशी आहेत की पहिल्या खुर्चीचं तिकीट बाईला मिळालं. पण ते कोणत्या घरातल्या बाईला मिळालं तेही बघावं. सृजना सिंह या काँग्रेसचे बडे नेते प्रकाशमान सिंह यांच्या पत्नी. मराठी वाचकाला याची फोड करून सांगण्याची गरज नाही.

देशभरचा निकाल असा लागला: एकूण महिला पुन्हा ४१ टक्क्यांच्या आसपास, प्रमुखपदी १८ च्या २५ झाल्या, आणि उपप्रमुखपदी दहातल्या नऊहून अधिक होत्या त्या चारातल्या तिघींवर आल्या. वरवर पाहिलं तर ४१ टक्के जागच्या जागी आहेत, कारण ते बहुतांशी वॉर्डातल्या चौथ्या आणि पाचव्या शिक्क्यांचे आहेत. त्या जागा राखीव, त्यांना हात लावता येत नाही. पक्षांच्या मर्जीवरची जी जागा होती ती एका निवडणुकीत सव्वाशेहून जास्त बायकांच्या हातून गेली आणि त्यासाठी कुणाला संसदेत हात वर करावा लागला नाही. पाच वर्षं न्यायनिवाडे केलेल्या, बजेट बसवायला शिकलेल्या उपाध्यक्षांपैकी बहुतेकींना पुढच्या पदाचं तिकीटही मिळालं नाही.

मतदारांना बाई नको होती का? काठमांडूचाच निकाल बघा. महापौर झाले स्वतंत्र उमेदवार बालेन शाह, ६१,७६७ मतं घेऊन. उपमहापौर झाल्या एमाले या कम्युनिस्ट पक्षाच्या सुनीता डंगोल, ६८,६१२ मतं घेऊन. बालेन यांच्या जोडीला उपमहापौरपदाचा उमेदवार नव्हता, त्यामुळे त्यांच्या मतदारांचा दुसरा शिक्का मोकळा होता, हे धरलं पाहिजे. तरीही शहरातल्या लोकांनी सगळ्यांत जास्त मतं ज्या एका व्यक्तीला दिली ती बाई होती, आणि ती दुसऱ्या रकान्यात होती. त्यांच्या पक्षाने पहिल्या रकान्यात उभा केलेला पुरुष हरला.

एक अवांतर गोष्ट. २०१६ मध्ये सुशीला कार्की नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या. ३० एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे त्या मोठ्या मतपत्रिका पहिल्यांदा उलगडल्या त्याच्या दोनच आठवडे आधी, सत्ताधारी पक्षांच्या खासदारांनी त्यांच्यावर महाभियोग दाखल केला. पुढे तो मागे घ्यावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण पोरांच्या उठावात पंतप्रधान ओली यांचं सरकार पडलं आणि १२ सप्टेंबरला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांचं नाव पोरांच्या ऑनलाइन चर्चेतून पुढे आलं. कुठल्याच पक्षाचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं.

आईचं नाव

आता २००६ च्या त्या ठरावाकडे. आईच्या नावाने नागरिकत्व, ही त्यातली अर्धी मागणी. ठराव मांडणाऱ्या विद्या भंडारी २०१५ मध्ये राष्ट्रपती झाल्या. त्याच वर्षीच्या घटनेने लिहिलं की नेपाळी आईच्या पोटी नेपाळात जन्मलेल्या आणि बापाचा ठावठिकाणा नसलेल्या मुलाला नागरिकत्व मिळेल. आईने परदेशी माणसाशी लग्न केलं असेल तर मात्र मूल अंगीकृत नागरिक होणार, म्हणजे वंशाच्या हक्काने नव्हे, अर्ज मंजूर झाल्यावर. बापाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याच्या मुलाला असली अडचण नाही. २०२२ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक संसदेने दोनदा मंजूर करून राष्ट्रपती भंडारींकडे पाठवलं. त्यांनी सही केली नाही. विधेयकावर त्यांचे इतर आक्षेपही होते, पण त्यात आईच्या नावाने अडलेली मुलंही होती. शेवटी सही केली ती त्यांच्यानंतर आलेल्या रामचंद्र पौडेल यांनी, ३१ मे २०२३ ला.

कायदा झाला. बापाचा पत्ता नाही असं आईने स्वतः लिहून द्यायचं आणि खोटं निघालं तर शिक्षा भोगायची, असं त्यात आहे. बापाला असं काही लिहून द्यावं लागत नाही.

हा अर्ज सुरू होतो वॉर्डाच्या कार्यालयात. अठराव्या-विसाव्या वर्षात आलेल्या मुलाला घेऊन आई तिथे जाते. मुलाकडे नागरिकत्वाचा दाखला नसेल तर बँकेत खातं नाही, मोबाइलचं सिमकार्ड नाही, पासपोर्ट नाही, मतदान नाही. कायद्याने त्या वॉर्डात दोन बायका निवडून आलेल्या असतात, त्यांतली एक दलित. त्या अर्ज ऐकतात, कधी आईची बाजूही मांडतात. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या शिफारशीच्या कागदावर मात्र सही लागते वॉर्डाच्या अध्यक्षाची. ते पद राखीव नाही. २०१७ मध्ये ६,७४३ वॉर्डांपैकी ती सही बाईची होती अशा वॉर्डांची संख्या साठ-बासष्ट.